न बसणाऱ्या टायरची कैफियत

मी नाठाळ नाही हो. हे आधीच सांगून टाकताना मला जरा धाप लागते, कारण कापडे गावच्या दत्तोपंतांच्या पडवीत माझ्यावर एका दिवसात जेवढे आरोप झाले, तेवढे एखाद्या चोरावरही होत नसतील. मी सायकलचा टायर बोलतोय. मागच्या चाकाचा.

कारखान्यातलं फारसं आठवत नाही. साच्यातला चटका तेवढा आठवतो. पोलादपूरच्या दुकानात खुंटीवर लटकताना वाटायचं, आपल्याला कुणी दूधवाला नेईल, फार तर पोस्टमन. नेलं दत्तोपंतांनी. कपाळाला गंध आणि मनगटापासून कोपराकडे चढत गेलेले लाल, पिवळे, काळे दोरे. ज्या देवळात जात तिथला एक दोरा बांधून येत, आणि बांधलेला सोडणं त्यांना पाप वाटे. त्यामुळे हातावर घड्याळाला जागाच उरली नव्हती. घड्याळ खिशात असे आणि वेळ ते दुसऱ्याला विचारत.

दुकानदार म्हणाला, "पंत, चाक घेऊन या, बसवून देतो."

"माझ्या चाकाला परका हात नको. आत देवीचं वस्त्र आहे," पंत म्हणाले.

मला काही उमगलं नाही. नव्या सुनेसारखा मुकाट्यानं घरी आलो.

घरी आल्यावर कळलं की माझ्यावर एका मुलीचं कॉलेज टांगलं आहे. पंतांची इरावती दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली होती. अकरावी पोलादपूरला. सकाळची एसटी कॉलेज भरल्यावर पोचायची, म्हणून सायकल. मुलीनं एवढ्या लांब सायकलवर जावं हे पंतांना पसंत नव्हतं. पण 'नाही' म्हणण्याचा दोष स्वतःच्या माथी नको होता. मग त्यांनी तो देवावर सोपवला. माणसांनी ही सोय फार छान करून ठेवली आहे!

"उद्या कॉलेज सुरू होतंय," पंतांनी जाहीर केलं. "आज टायर बसला तर कौल उजवा. नाही बसला तर पोरगी घरी. मग कुणी डोळ्यांतून पाणी काढायचं नाही."

विनोदिनीबाई, म्हणजे पंतांच्या सौभाग्यवती, चूर्म्यासाठी गहू निवडत होत्या. इराचं शिक्षण पुढे जावं म्हणूनच त्यांनी सोळा सोमवार धरले होते. उद्याच उद्यापन होतं. "बरं," एवढंच त्या म्हणाल्या आणि सुपाकडे बघत राहिल्या.

पंतांनी चाक पडवीत आडवं घातलं. माझी एक कड आत गेली. ट्यूब गेली. दुसरी कडही बरीचशी गेली, पण शेवटची वीतभर काही केल्या जाईना. इकडून दाबावी तर तिकडून बाहेर. एवढ्यात शेजारचा चांगू आला. ज्याची स्वतःची सायकल परसात गंजत पडली आहे, त्याला दुसऱ्याच्या सायकलचं ज्ञान फार असतं.

"पंत, ह्यो टायर नाय, रेडा हाय रेडा! वायच पायान दाबा."

पायानं दाबून झालं. मग त्यानं आत आवाज दिला, "वयनी, कालथा द्या वो!" कालथा आला आणि वाकला. मग खोबरेल आलं. पंतांनी वरून तीर्थही शिंपडलं. मी तेलातुपात न्हालो, पण जागचा हललो नाही.

"माप चुकला," चांगूनं निकाल दिला. "दुकानदारान फसवलान तुमाला."

त्याची म्हातारी आई ठमाबाई पायरीवर बसून दात कोरत होती. ती म्हणाली, "अरे, तू हात काढ आधी. तुज्या हातान कोंबडं तरी खुराड्यात जातंय काय?"

मी मात्र एक गोष्ट पाहिली होती. कड आत जाईल असं वाटलं, की नेमका पंतांचा अंगठा ढिला पडे.

खांबाला टेकून उभी असलेली इरा पुढे आली. "बाबा, मी एकदा बघू?"

"हे मुलींचं काम नव्हे," पंत म्हणाले आणि हात पुसले. "देवाचा कौल स्पष्ट आहे."

इरा मागे सरली. मला ओरडावंसं वाटलं. अहो, रिमच्या मध्यभागी खोलगट जागा असते. माझी एक बाजू त्या खोलात उतरली, की दुसऱ्या बाजूला सैल पडतं आणि मी आपोआप बसतो. इथे ती जागाच भरून गेली होती. मी उतरू कुठे?

विनोदिनीबाई वाकलेला कालथा उचलायला बाहेर आल्या. त्यांना रिमच्या काठातून लाल काहीतरी डोकावताना दिसलं.

"हे काय हो?"

"हात लावू नकोस! देवीच्या ओटीच्या खणाची पट्टी आहे. घाटात पंक्चर झाली तेव्हा आत बसवली. पुन्हा पंक्चर नाही. दर खंडेनवमीला एक नवी चढवतो."

"आणि खालची?"

"खालची कशी काढणार? प्रसादाची ना ती!"

विनोदिनीबाई चाकापाशी बसल्या. आवाज चढवणं त्यांना माहीतच नव्हतं. "म्हणजे या पट्ट्यांचं उद्यापन राहिलंय."

पंत काठाबाहेर आलेली पट्टी बोटानं आत ढकलू लागले.

"मी उद्या उद्यापन नाही केलं, तर चालेल?"

"छे, छे! भलतंच काय!"

"मग देवीला इतकी वर्षं चाकात घालून फिरवताय, ते चालतं होय? तिला मोकळं करायला नको?"

"पंत, आता बोला की वो!" ठमाबाई खुदकन हसली.

पंत हात धुऊन आले आणि त्यांनी मला उतरवलं, ट्यूब काढली. मग थर सुटू लागले. लाल, हिरवा, हळदीनं पिवळा, आणि तळाचा तर पेंडीसारखा काळा. वरची एक पट्टी ठेवली, तारांची टोकं ट्यूबला टोचू नयेत म्हणून. बाकीच्यांना विनोदिनीबाईंनी कुंकू वाहिलं आणि फडक्यात बांधलं.

"आता हिला बघू दे," त्या म्हणाल्या.

इरानं कड खोलात दाबली, दोन्ही अंगठ्यांनी शेवटची वीत पुढे सारली, आणि टप्पकन मी बसलो.

"बसला!" चांगू ओरडला. "माज्या तेलान बसला!"

पंतांनी चाकाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. दिलेला शब्द गिळता येत नव्हता. "कौल म्हणजे कौल," ते पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी इरा कॉलेजला गेली. जाताना तिनं ते गाठोडं सावित्री नदीच्या पाण्यात सोडलं. संध्याकाळी घरी चूर्म्याचा नैवेद्य दाखवताना विनोदिनीबाईंचे डोळे भरले होते. ते पाणी काढायला पंतांची मनाई होती, पण त्या दिवशी त्यांनी तिकडे पाहिलं नाही.

पुढे एकदा सकाळी पंतांनी विचारलं, "इरा, किती वाजले गं?"

"बाबा, मला उशीर होतोय. घड्याळ तुमच्याच खिशात आहे."

पंतांनी घड्याळ काढलं, मनगटाला लावून पाहिलं. पट्टा शेवटच्या भोकापर्यंतही पोचेना. मग त्यांनी स्वयंपाकघराच्या दारातून हात आत केला. "अगं, या दोऱ्यांचंही काय ते करून टाक."

बारावी होईपर्यंत मी इराला नेलं-आणलं. आता माझ्या नक्ष्या झिजल्या आहेत आणि तुळशीशेजारी झेंडूच्या रोपांना कुंपण होऊन पडलोय. वाईट वाटत नाही. एवढंच मागतो, की कुणी कुठे बसत नसेल, तर त्याला नाठाळ म्हणण्याआधी खाली काय साचलंय ते बघा.

काल नवा टायर आला. पंतांनी त्याला कुंकू लावलं, हात जोडले, आणि बसवण्याआधी रिमच्या खोलातून एक बोट फिरवलं. घड्याळ घातलेल्या हाताचं.