मणक्यातलं पाणी

नळीतलं पाणी इतकं नितळ, की नळी रिकामीच आहे असं वाटावं... तिने ती उजेडात तिरकी धरली तेव्हा कुठे आतलं पाणी हललेलं दिसलं. रक्ताचा ठिपका नाही, गढूळपणा नाही – मणक्यातून काढलेला चांगला नमुना. नळीवर नाव नव्हतं, नुसता क्रमांक. कुणाचं पाणी आहे हे प्रयोगशाळेत कुणालाच कळता कामा नये, हा या अभ्यासाचा नियम. पण आज पाणी द्यायला दोघेच यायचे होते. एकाला ताप आला म्हणून तो आलाच नाही, आणि दुसरा म्हणजे तिचा धाकटा भाऊ, वरच्या मजल्यावर उताणा पडलेला. हे काम दुसऱ्या कुणाला द्या, एवढंच साहेबांना म्हणायचं होतं. म्हणाली नाही. परक्या हातून सांडलं तर? – अशी काहीतरी सबब तिने स्वतःच्याच गळी उतरवली होती.

यंत्र घुमत राहिलं. मेंदूतल्या पेशी तुटू लागल्या की त्यांचा चुरा या पाण्यात उतरतो, हात नाचू लागण्याच्या कितीतरी आधी... बाबांचे हात नाचू लागले तेव्हा घरात हसूच झालं होतं – भाजी ताटात कमी, बाहेर जास्त – आणि बाबाही हसले होते, सगळ्यांत मोठ्याने. बाबांचा आजार आपल्यातही उतरलाय का, ही तपासणी धाकट्याने साफ नाकारली होती. अभ्यासाला काय हवं ते घ्या, पण मला काही सांगू नका, असं त्याने डॉक्टरांना बजावलं होतं.

पडद्यावर आकडा आला. निरोगी माणसांची रेघ कुठेतरी खाली राहिली होती. तिने तोच नमुना पुन्हा लावला. काहीतरी चुकलं असणार, एरवी नाही का मी चुकत – देवा, आज चुकू दे... आकडा हटला नाही.

तेवढ्यात फोन वाजला. धाकटाच.

"ताई, कुठे आहेस गं? डोकं उचलू देत नाहीत. छत बघून बघून पाठ झालं."

"पडून राहा गुपचूप. उठलास तर डोकं ठणकेल."

"ऐक ना, तुलाच पहिलं सांगतोय. आम्ही ठरवलंय. मूल होऊ द्यायचं. किती दिवस घाबरून बसायचं?"

सांगावं, तर त्याने आधीच कान बंद केलेले. थांब म्हणावं, तर का म्हणून विचारेल. आणि गप्प राहावं, तर तिच्या गप्प बसण्यावरूनच तर तो लहानपणापासून तिला पकडत आला होता! म्हणजे बोलायलाच हवं, आत्ताच, आणि आनंदाने –

"अरे वा!" ती म्हणाली. "छानच की रे!"

आणि तिचा आवाज तिच्याच कानावर पडला. हुबेहूब आईचा. बाबांच्या घराण्यात काय आहे ते आईला पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि तरी आई वर्षानुवर्षं याच सुरात घरभर बोलत वावरली होती. हे कळल्यापासून ती आईशी धड बोलली नव्हती. आता तोच सूर तिच्या गळ्यातून किती सहज निघाला, जोरही लावावा लागला नाही. पलीकडे धाकटा बाळाची नावं सुचवत सुटला होता आणि ती त्याच सुरात हो, हो म्हणत होती. यातून बाहेर कसं यायचं, तेच तिला कळेना.