वाडीचा होकार

पिंपळटेंभ्यात ‘सरपंच’ अशी हाक मारली की कुंडलिक ओ द्यायचा. सरपंचपद होतं त्याच्या बायकोच्या, सकुबाईच्या नावावर. जागा बायकांसाठी राखीव झाली तेव्हा त्यानेच तिचा अर्ज भरला, त्यानेच प्रचार केला आणि निवडून आल्यावर हारही बहुतेक त्याच्याच गळ्यात पडले. पंचायतीच्या खुर्चीवर तो बसायचा आणि कागद घरी घेऊन यायचा. भाकरी थापता थापता सकुबाई हात पदराला पुसायची, चौथीपर्यंत शिकलेल्या अक्षरात सही करायची आणि पुन्हा परातीकडे वळायची. कागदावर काय लिहिलंय हे तिने कधी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिला त्यात काही वावगंही वाटलं नाही. तालुक्यात अशा सरपंचीणबाई पैशाला पासरी होत्या.

२००६ साली एका संस्थेने जिल्ह्यातल्या सहा महिला सरपंचांना इंडोनेशियाच्या एका बेटावर अभ्यासदौऱ्याला न्यायचं ठरवलं आणि कुंडलिकची पंचाईत झाली. ‘तिच्याऐवजी मीच येतो’ म्हणून तो मुरबाडला जाऊन संस्थेच्या सरिताताईंना दोनदा भेटून आला. सरिताताई हसून म्हणाल्या, “अहो, पासपोर्टवर फोटो सकुबाईंचाच लागणार.” मग त्याने आठवडाभर बायकोची शिकवणी घेतली.

“तुला काय इचारलं तं गप राहायचं. फारच इचारलं तं बोलायचं, आमच्याकडं सगळं ग्रामसभेत ठरतं.”

“खरंच ठरतं काय?”

“गप गो. तुला काय करायचंय?”

दोन विमानं आणि एक बोट झाल्यावर ते बेट आलं. बेट म्हणजे हिरवंगार असणार अशी सकुबाईची समजूत. निघालं ते आपल्याकडच्या चैतातल्या माळासारखं, लाल माती आणि ताडासारखी झाडं. चार वर्षांमागे मोठ्या जिल्ह्यातून फुटून निघालेला तो जिल्हा. कचेऱ्यांच्या भिंतींना अजून गिलावासुद्धा नव्हता. किनाऱ्यावर गोरी माणसं फळीवर उभं राहून लाटांवर घसरत होती आणि धपाधप पाण्यात पडत होती. एवढ्या लांबून येऊन पाण्यात पडायचं, याला काय म्हणावं? पण माळशेजला येऊन कपड्यांसकट धबधब्याखाली उभे राहणारे मुंबईकर तरी काय वेगळं करतात, असंही तिच्या मनात आलं.

त्या गावची प्रमुख एक ठेंगणी, जाडजूड बाई होती, युलियाना. सगळे तिला ‘मामा युलियाना’ म्हणत. तिकडे आईला मामा म्हणतात हे कळल्यावर सहाही सरपंचिणी पोट धरून हसल्या. पण सभामंडपात ती बोलायला लागली तेव्हा कोणाला हसू आलं नाही. तिच्या हातात कागद नव्हता. घरं किती, विहिरी किती, कोणती विहीर कोणत्या महिन्यात आटते, तिने घडाघडा सांगितलं. पाहुणे हॉटेलात नव्हे, गावातल्या घरात पाळीपाळीने उतरतात. पाळीची पाटी मंडपात सगळ्यांसमोर टांगलेली. गावसभा बसल्याशिवाय आणि युलियानाने सही केल्याशिवाय किनाऱ्यावर कोणाला खुंटी ठोकता येत नाही. शहरातला एक हॉटेलवाला तीनदा येऊन हात हलवत परत गेला होता. तिचं बोलणं तिथला एक मास्तर इंग्रजीत सांगायचा आणि सरिताताई ते मराठीत आणायच्या.

मग युलियाना सकुबाईकडे वळली. “आता तुमचं गाव सांगा.”

सकुबाईची मान सवयीने डावीकडे वळली. चारचौघांत कुंडलिक नेहमी तिथे बसायचा. आता तिथे सावलीला एक डुक्कर झोपलं होतं.

सांगायचं काय? पण गाव तर तिचंच होतं. लहानपणापासून पायाखाली घातलेलं. ती हळूहळू बोलू लागली. वरचा डोंगर, डोंगराची सोंड, ओहोळ कुठून फुटतो, कारवी कुठे दाट आहे, आणि वाडीवरचा झरा, जो ऐन वैशाखातसुद्धा आटत नाही. सांगता सांगता ती खुलली. युलियाना माना डोलावत होती. कोरड्या बेटावरची बाई ती, झऱ्याशी येऊन थांबली.

“तिथे प्रवासी येतात का?”

“येतात की. आता झऱ्यापाशी मोठा बंगला झालाय, मुंबईच्या लोकांना राहायला. भोवती भिंत घातलीय.”

“आणि झरा?”

“भिंतीच्या आत गेला.”

“मग वाडीच्या बायका?”

“त्या जातात खालच्या विहिरीवर. लांब पडतं जरा.”

“परवानगी कोणी दिली?”

“दिली असेल सरकारनं.”

सरिताताईंनी हे इंग्रजीत सांगितलंच नाही. त्या वाकून हळूच म्हणाल्या, “सकुबाई, बांधकामाला ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला लागतो. त्यावर सरपंचाची सही असते. म्हणजे तुमची.”

सकुबाईच्या कानांच्या पाळ्या तापल्या. दोन वर्षांत किती सह्या केल्या आणि त्यातली ही कोणती, तिला आठवेना. आपण चोरी करावी आणि आपल्यालाच त्याचा पत्ता नसावा, यापेक्षा लाजिरवाणं काय असेल? समोर युलियाना उत्तराची वाट बघत होती. तिने पुढचा प्रश्न केला, “सभेत वाडीच्या बायका काय म्हणाल्या?”

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण पाच सरपंचिणी बघत होत्या, मास्तर बघत होता, आणि शिकवणी तोंडपाठ होती.

“सगळं ग्रामसभेत ठरतं. त्या हो म्हणाल्या.”

युलियानाचे डोळे भरून आले. आमच्या बायका विहिरीवर दोरासाठी भांडतात, ती म्हणाली, आणि तुमच्या बायकांनी गावासाठी आपलं पाणी सोडलं. निघायच्या दिवशी ती सकाळी ताडाच्या पानांत बांधलेल्या गुळाच्या ढेपा घेऊन आली. सकुबाईने हात पुढे केला तेव्हा तिने बजावलं, “हे तुम्हाला नाही. त्या बायकांना. त्यांना माझा नमस्कार सांगा.”

येतानाच्या सगळ्या प्रवासात सकुबाईने ती पिशवी मांडीवर धरली होती. बाकीच्या जणींना वाटलं, किती जपते.

घरी आल्यावर कुंडलिकने आधी पिशवीत हात घातला. तिने तो बाजूला सारला, लग्नाला वीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदा.

“त्या बंगल्याच्या कागदावर माझी सही हाय काय?”

“मग कोणाची असल?” कुंडलिक म्हणाला. “सरपंच तू हायेस.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ती खालच्या विहिरीवर गेली. एरवी कुंडलिकच्या मोटारसायकलवरून जायची, त्या दिवशी वाडीवरून चालत गेली, आणि वाडी ते विहीर हे अंतर ‘जरा’ लांब नाही हे तिच्या पायांना कळलं. वाडीच्या पाचसहा बायका पाणी शेंदत होत्या. त्यांच्यातली थोरली बाईजा तिला बघून बाजूला झाली. “या सरपंचीणबाई. इमानातून आल्या म्हनं.”

सकुबाईने गूळ पुढे केला आणि जे झालं ते सांगितलं. काही गाळलं नाही. बेटावरच्या बाईने काय विचारलं, आपण काय ठोकून दिलं, गूळ कशाबद्दल आला, सगळं.

बाईजाने ढेप हातात घेतली, वास घेतला, पिशवीत परत ठेवली आणि पुन्हा दोर धरला. “आमी हो बोललोच नाय. त्याचा गूळ आमी कसा खावा?”

“मला ठावं नव्हतं गो, बाईजा. कागद आला, मी सही केली. कशावर करते ते बघितलंच नाय.”

बाईजाच्या हातातला दोर थांबला. बाकीच्या बायकाही बघू लागल्या. रागावून नाही, नवल वाटून.

“ठावंच नव्हतं?”

“नाय.”

“आमाला वाटलं, तू जाणून केलंस. वरीसभर हंडा उचलताना तुझ्या नावानं शिव्या दिल्या आमी. रोजच्या रोज. बोलायचो, सरपंचीण लय पोचलेली हाय, आज ना उद्या गाठू तिला.”

“मग द्या ना शिव्या,” सकुबाई म्हणाली. तिला रडू फुटलं. “आता तोंडावर द्या. मी ऐकून घेते.”

बाईजाने चुंबळ डोक्यावर नीट बसवली.

“शिव्या सरपंचिणीला व्हत्या गो,” ती म्हणाली. “तुला देऊन काय करू?”

तिने हंडा उचलला. बाकीच्यांनीही उचलले. एकीमागून एक त्या चढाला लागल्या. सकुबाई विहिरीच्या काठावर उभी होती आणि एकीनेही मागे वळून तिच्या नावाने काही म्हटलं नाही.