सुभेदारांच्या शिंका आणि दगडाबाईचा ओवा

"तीस वर्षं बर्फात उभा राहिलेला माणूस फुलापानांपुढं मान तुकवत नसतो," असं सुभेदार जयराज यांनी पारावर चारचौघांत जाहीर केलं आणि लगोलग ती अकरा वेळा तुकवली. अकराव्या शिंकेला पाराखालचं कुत्रं उठून दुसऱ्या गल्लीत राहायला गेलं.

होळी झाली की सुभेदारांना शिंका धरत, त्या थेट वळवापर्यंत. एरवी कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण चैत्रात जोतीरामचा स्मृतिदिन असे. जोतीराम त्यांच्याच गल्लीतला, त्यांच्याच पलटणीतला. सरहद्दीवर गेला आणि गावच्या स्मारकावर नाव होऊन परत आला. गेल्या वर्षी त्याच्यासाठी पाळलेली दोन मिनिटांची शांतता सुभेदारांनी एकट्यानं मोडून काढली होती. पोरं हसली. जोतीरामच्या बायको राहीबाई हसल्या नाहीत, बोलल्याही नाहीत, आणि तेच सुभेदारांना वर्षभर टोचत होतं. यंदा ती दोन मिनिटं जिंकायचीच, असं त्यांनी ठरवलं.

सांगलीला विश्रामबागेत राहणाऱ्या सुनेनं अडुळशाचा काढा पाठवला. शेजारच्या बनाबाईंनी हळदीचं दूध सांगितलं, आणखी कुणी नाकात तूप. सुभेदारांनी वेळापत्रकच लावलं. पाचला तूप, सव्वापाचला तुळशीची वाफ, साडेपाचला काढा, तोही सावधान उभं राहून. घसा सुधारला, झोप सुधारली. शिंका मात्र रोज सकाळी सहाला हजेरी देत राहिल्या.

त्या दिवसांत ऊस तुटलेल्या त्यांच्या रानात जतकडची मेंढरं खतासाठी बसली होती. मेंढरांची मालकीण दगडाबाई, सत्तरीची, बोलायला काटकसरी. तिनं सुभेदारांची नाडी पाहिली नाही की जीभ पाहिली नाही. कळपातलं आजारी जनावर न्याहाळावं तसं तिनं त्यांना तीन दिवस लांबून न्याहाळलं आणि चौथ्या दिवशी विचारलं, "सकाळचं कुटं चरायला जाता?"

सुभेदारांनी अभिमानानं सांगितलं. स्मारक पाटाच्या कडेला, त्यामुळं तिथं उन्हाळ्यातही गाजरगवत माजतं. जोतीरामचं नाव झाकलं जाऊ नये म्हणून ते दर उन्हाळ्यात रोज सहाला जाऊन ते फुललेलं गवत स्वतःच्या हातानं उपटत आणि कवेत धरून लांब टाकून येत.



"आवं सायेब, औषध तोंडानं घेताय आन् दुखणं कवेत धरताय. माजी मेंढरं बी त्या गवताला तोंड लावत न्हाईत. आन् ती काय पलटणीत शिकल्याली न्हाईत."

"मग त्याचा दगड साफ कोण ठेवणार?"

"म्या हाय की."

दुसऱ्या दिवसापासून तिनं गवतावर आधी पाणी मारलं, तोंडाला पदर घट्ट बांधला, हातांना फडकी गुंडाळली आणि फुलोरा न उडवता ते मुळासकट काढलं. सुभेदारांना तिकडं फिरकायची बंदी. काढा, वाफ, दूध चांगलंच हाय, चालू द्या म्हणाली. फक्त बसून प्या. वर भाजलेल्या ओव्याची एक पुरचुंडी हुंगायला दिली. आठ दिवसांत सुभेदारांच्या शिंका दिवसाला दोनवर आल्या. तीस वर्षांत एवढी हुशार टेहळणी आपण पाहिली नाही, असं ते पारावर सांगू लागले.

स्मृतिदिनाला शांतता सुरू झाली. पहिलं मिनिट सरळ गेलं. दुसऱ्यात नाकाच्या शेंड्याला मुंगी चढल्यासारखं झालं. राहीबाईंनी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. सुभेदारांनी पुरचुंडी नाकाशी धरली, श्वास घेतला, आणि मुंगी आल्या वाटेनं उतरून गेली. दोन मिनिटं पुरी झाली. राहीबाई जवळ आल्या, "भाऊजी, ह्यास्नी आज निवांत वाटलं आसंल," एवढंच म्हणाल्या.

सुभेदार माइककडं वळले आणि म्हणाले, की आज या गावानं, या तालुक्यानं, नव्हे साऱ्या देशानं दगडाबाईंना सलाम केला पाहिजे.

मागून दगडाबाईनं हात वर केला.

"सायेब, सलाम ऱ्हाऊ द्या. ती पुरचुंडी तेवडी माघारी द्या. कोकराच्या गळ्यातली हाय, त्ये सकाळपासनं शिंकतंय."