फणसाला बांधलेला पट्टा

दादा म्हणाला, "उद्या तू चुलीपाशीच थांब. वरात आली की पुढे येऊ नकोस."

का, ते मला ठाऊक होतं. काही वर्षांपूर्वी अंगठा सुजला म्हणून युरिक ॲसिडची गोळी घेतली आणि माझ्या अंगाची कातडी सोलून निघाली. भाजलेल्यांच्या वॉर्डात ठेवलं होतं मला. जगले, पण डोळे कायमचे लाल, मानेवर चट्टे आणि नखं जी गेली ती धड परत आलीच नाहीत. हीच गोळी हजारो लोक खातात, त्यांना काही होत नाही. आमच्या रक्तात जन्मतःच एक खूण आहे, तिच्यामुळे हा धोका. दादाच्या मुलीचं, पिकुनचं रक्त मीच हट्टाने तपासून घेतलं. तिच्यातही ती निघाली.

"मग मुलाकडच्यांना सांग ना," मी म्हटलं.

"लग्नाच्या तोंडावर दवंडी पिटू, मुलीच्या रक्तात खोट आहे म्हणून? तुला बघितलं तर ते तसेच मागे फिरतील."

सख्खा भाऊ हे बोलला. मला असा राग आला की चिकट भाताची टोपली तिथेच आपटली.

सकाळी ढोल वाजवत, केळीची नि उसाची रोपं नाचवत वरात आली. आमच्याकडे दारात मुलीकडच्या बायका कमरेचा पट्टा आडवा धरतात. नवरदेव पैशांची पाकिटं वाटतो, चेष्टामस्करी होते, मग वाट मिळते. मी आईचा चांदीचा पट्टा काढला आणि फाटकात उभी राहिले. दुसरं टोक धरायला कोणी येईना. मी ते दोरीने फणसाला बांधलं.

"आत्या, तुमचं पाकीट सगळ्यात जाड!" नवरदेव हसत म्हणाला. थानेत त्याचं नाव.

"ठेव खिशात. माझ्या भाचीला कुठली गोळी कधीच द्यायची नाही, तिचं नाव सांग आणि आत जा."

"सांग रे, झोपेची!" मागून कोणीतरी ओरडलं. सगळे खिदळले. मी काळा चष्मा काढला आणि लाल डोळे त्यांच्यावर रोखले.

"ॲलोप्युरिनॉल," मी म्हटलं. "तिने माझं हे केलं. पिकुनच्या रक्तातही तोच धोका आहे."

दादा धावत आला. "सोड तो पट्टा! नाक कापलंस माझं!"

"जाऊ दे नाक. पोरीची कातडी तर राहील."

थानेतची आई लंगडत पुढे आली. आता वरात परत नेणार, असं मला वाटलं. पण पट्टा सोडणार नव्हते.

"अहो, पण ती तर माझी गोळी," ती म्हणाली. "किती वर्षं खाते, मला काही झालं नाही. परवा पिकुनचा घोटा सुजला, तर मीच थानेतच्या हाती त्या गोळ्या पाठवल्या!"

"पिकुन!" दादा किंचाळला.

नवरदेव आत येईपर्यंत नवरीने बाहेर पडायचं नसतं. तरी पिकुन रेशमी साजात जिन्यावर येऊन उभी राहिली.

"नाही खाल्ल्या, बाबा. नाव वाचलं आणि उशीखाली लपवल्या. काय सांगून परत देणार होते? तुम्हीच म्हणाला होतात, त्यांना काही कळू द्यायचं नाही."

थानेतने तोंड उघडलं. "ॲलो... ॲलोप्यु..."

"नीट म्हण!" त्याची आई खेकसली.

त्याने ते नाव खणखणीत आवाजात म्हटलं. मी दोरी सोडायला वळले, पण नखं धड नसलेल्या माझ्या बोटांना गाठ सुटेना. दादा आला. मला बाजूला सारून त्यानेच ती सोडली. आता पट्टा टाकेल असं वाटलं, पण त्याने टोक मुठीत आवळलं आणि पट्टा ताणून, माझ्यासमोरच्या बाजूला, नवरदेवाची वाट अडवून उभा राहिला.

"अजून एकदा," तो थानेतला म्हणाला. "मागच्यांना ऐकू आलं नाही."