जाड आवाज

बायको दुर्गा गेली, आणि तिच्यासोबत आपले कानही गेले, असं भाऊरावांना वाटलं. भिलाईच्या स्टील प्लांटात, रोलिंग मिलच्या धडधडाटात त्यांची सगळी नोकरी झाली. कान तेव्हाच अधू झाले होते. पण दुर्गाचं बोलणं शेवटपर्यंत कळायचं. आता कोहका वस्तीतल्या घरात सून नीतू ओरडून थके, आणि सहा वर्षांच्या समीक्षानं, त्यांच्या नातीनं, तर त्यांच्याशी बोलणंच सोडलं होतं. तेच त्यांना लागत होतं.

शेवटी नीतूनं त्यांना कान तपासायला नेलं. तपासणाऱ्या रोशनीनं हेडफोन लावला. जाड, खालच्या पट्टीतले आवाज सगळे ऐकू आले, बारीक, वरच्या पट्टीतला एकही नाही. मग ती समोर बसली आणि हळूहळू, घोगऱ्या आवाजात बोलली. शब्द न शब्द कळला.

भाऊराव दचकले. "असं तं आमची दुर्गा बोले! तुमाले कोणं शिकवलं?"

"आमचं शिक्षणच हे, काका."

तिनं प्लास्टिकचा कान उघडून दाखवला. आवाज आला की पडदा हलतो. पडदा तीन हाडं हलवतो, त्यातलं शेवटचं तांदळाच्या दाण्याहून लहान. ते कानाच्या आतल्या शंखातलं पाणी हलवतं, आणि पाण्यातल्या केसांसारख्या पेशी मेंदूला खबर देतात. शंखाच्या तोंडाशी बारीक आवाज पकडणाऱ्या, पार आत जाड आवाजाच्या.

"मिलच्या आवाजानं तोंडाजवळच्या पेशी मेल्या. त्या परत येत नाहीत. आतल्या शाबूत आहेत. ओरडलं की आवाज चिरका, बारीक होतो. कानाचं मशीन देऊ, पण घरच्यांनी समोरून, जाड बोलायचं."

"बाप रे," भाऊराव म्हणाले. "एवढ्याशा जागेत एवढा कारखाना!"

नीतूला सासू आठवली. "मले वाटे, मामीजी तुमच्यावर खेकसतात."

भाऊराव त्या प्लास्टिकच्या शंखाकडे पाहत राहिले. दुर्गानं असा शंख कधी पाहिला नव्हता. चुलीपाशी, जेवताना, अंगणात ती वेगवेगळं बोलून पाहत राहिली असणार. नवऱ्याच्या कानात कोणती जागा जिवंत आहे ते तिनं शोधलं, आणि आयुष्यभर नेमकं तिथंच बोलली. त्या आवाजावरून लोक तिला दरोगा, फौजदार म्हणत. तिनं म्हणू दिलं.

घरी आल्यावर नीतूनं समीक्षाला त्यांच्यासमोर उभं केलं. "आजी बोले ना, तशी बोल."

पोरीनं हनुवटी छातीला टेकवली आणि ट्रकवाल्यासारखा आवाज काढला.

"आबाजी, माहा दात टूटला ना! कवाची सांगून राहिली, तुमी ऐकूनच नाही राहिले!"

"दाखव," भाऊराव म्हणाले, आणि तिनं आ केला.