मोगरी म्हशीची लाथ

मित्रांनो, मी एक म्हातारी म्हैस आहे. नाव मोगरी. हसलात ना? सगळेच हसतात! तव्याच्या बुडासारखा माझा रंग आणि नाव मात्र फुलाचं. पण माझ्या कपाळावर एक पांढराशुभ्र ठिपका आहे, तो बघून सुंद्राने ते ठेवलं. सुंद्राने ठेवलेल्या नावाला जो हसेल त्याला मी शिंग दाखवते. घाबरू नका, नुसतं दाखवते.

माझा जन्म निपाणीजवळच्या बोरगावचा. चहूकडे तंबाखूची शेतं, वाऱ्यालासुद्धा तंबाखूचा वास. माझे पहिले मालक यल्लाप्पा. आमच्या अंगावर गोचीड झाले, की ते तंबाखूची देठं उकळून त्या पाण्याने आम्हाला धूत आणि आम्ही अंग चाटू नये म्हणून सुकेपर्यंत तोंडाला मुसकी बांधून ठेवत. गोचीड गळून पडत आणि आमच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येई. डास मात्र तिथे थोडेच. मला वाटायचं, जगात सगळीकडे असंच असतं. काय हा भाबडेपणा!

मी पहिलटकरीण असताना भावकूंनी मला विकत घेतलं आणि चार मुक्काम करत मी बेळगावच्या पश्चिमेला बेळगुंदीला आले. तिथे भाताची खाचरं, हिरवीगार झाडी आणि पावसाळाभर सगळीकडे साचलेलं पाणी. आणि डास? विचारू नका! संध्याकाळी तोंड उघडलं तर चार पोटात जातील, एवढे. जोडीला चिलटं आणि गोमाशा.

घरात माणसं तीन. भावकू, त्यांची विधवा थोरली बहीण मालुबाई आणि त्यांची सात वर्षांची लेक सुंद्रा. सुंद्राची आई ती रांगत असतानाच गेली, त्यामुळे तिला आत्याने, म्हणजे मालुबाईंनीच वाढवलेलं. पोरगी मराठी शाळेत नुकतीच जाऊ लागली होती. शाळेतून आली, की दप्तर दारात टाकून आधी माझ्याकडे धावे आणि गुरुजींनी शिकवलेली कविता माझ्या कानात म्हणून दाखवे. अख्ख्या बेळगुंदीत कविता पाठ असलेली म्हैस मी एकटीच!

धार काढायच्या मालुबाई. उजाडता उजाडता त्या चरवी गुडघ्यांत धरून बसत, मग दुधाची घागर डोक्यावर घेऊन साडेतीन कोस चालत बेळगावच्या खडेबाजारात जात. तिथे परशराम नावाचे मिठाईवाले माझं दूध वेगळ्या कढईत आटवून त्याचा कुंदा करत. "म्हस असावी तर अशी," असं ते म्हणत. मालुबाई घरी येऊन ते सांगत तेव्हा माझे कान आपोआप उभे राहत. आणि स्वतःचं कौतुकही त्या सोडत नसत. "तीस वर्सं धारा काढतोय मी. थेंब सांडला न्हाई कधी हातनं!"

तीन वर्षं अशी सुखात गेली. चौथ्या पावसाळ्यात माझे ग्रहच फिरले.

झालं असं, की एका सकाळी चिलटं हाकलताना माझं ओलं शेपूट फाडकन मालुबाईंच्या डोळ्यावर बसलं. मी मुद्दाम मारलं नव्हतं हो! पण त्यांचा डोळा चार दिवस सुजला. तेव्हापासून धार काढायला बसण्याआधी त्या सुतळीने माझं शेपूट मागच्या पायाला बांधू लागल्या. त्यात माझ्या गोठ्यामागे पाणी तुंबलेलं, डासांचं माहेरच. आता तुम्हीच सांगा. पोटावर, कासेजवळ, मांड्यांवर ते डसतायत आणि शेपूट जखडलेलं. काय करणार मी? पाय झाडला. चरवी आडवी!

"अगं मेले, पायाला काय इंगळी डसली काय तुझ्या?" मालुबाई ओरडल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा चरवी लवंडली तेव्हा भावकू दारातच उभे होते.

"आक्का, लाथा मारणारी म्हस ठेवून काय करायचं? हा आठवडा बघतो. आनी एकदा चरवी सांडली, की शनवारी बाजाराला नेतो हिला."

"आप्पा, तिला डास चावत्यात!" सुंद्रा कळवळून म्हणाली.

"डास सगळ्यांनाच चावत्यात. मी मारतो व्हय कुणाला लाथा?"

बाजार! तिथून कोण कुठे नेईल, काही सांगता येत नाही. त्या दिवशी सुंद्रा माझ्या गळ्यात पडून रडली आणि मला गवत गोड लागलं नाही.

पण पोरगी नुसती रडत बसणारी नव्हती. मालुबाईंचं घरगुती औषधांचं ज्ञान गावभर प्रसिद्ध होतं. पावसाळा लागला, की त्या घरातल्या सगळ्यांना नाचणीच्या भाकरीबरोबर लसणाची झणझणीत चटणी खाऊ घालत. वर कडुनिंबाची कोवळी पानं चावायला देत. "खावा गुमान. रगत कडू हुतंय, मग डास तोंड लावत न्हाई." सुंद्राने विचार केला, माणसाचं रक्त कडू होतं तर म्हशीचं का नाही होणार? आणि माणसाला चार पाकळ्या लागतात, तर म्हशीला किती लागतील? तिसरीतल्या पोरीने गणित मांडलं आणि माझ्या भिजवलेल्या पेंडीच्या आंबोणात लसणाचे दहा गड्डे ठेचून घातले! वरून कडुनिंबाचा पाला.

मित्रांनो, मी ते खाल्लं. लसूण आवडतो म्हणून नाही. ती इतक्या आशेने माझ्याकडे बघत होती, की नाही म्हणवलं नाही. तीन दिवस खाल्लं. डासांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. उलट जेवायला जास्तच मंडळी आल्यासारखी वाटली. मी पाय झाडायची, पण चरवी मात्र कशीबशी वाचत होती.

गुरुवारी दुपारी मालुबाई बाजारातून परतल्या त्या तणतणतच.

"भावकू, लाज गेली रं माझी! परशराम म्हनला, तुमच्या दुधाचा कुंदा एका वकिलाच्या घरला गेलता. चातुर्मास पाळनारं घर. कांदा-लसूण उंबऱ्याच्या आत येत न्हाई. आनी कुंद्याला वास कसला? लसणाचा! वकीलसाहेबानं भरल्या दुकानात इचारलं, परशराम, कुंद्याला फोडनी द्यायला कधीपासनं लागलास?"

मालुबाईंना दुधाचा वास कसा आला नाही, असं वाटलं ना तुम्हाला? त्यांच्या स्वतःच्या हातांनाच बारा महिने लसणाचा वास. कळणार कसं?

"म्हस आजारी दिसतीया," भावकू म्हणाले. "शनवारची वाट कशाला बघायची? उद्याच नेतो."

तेव्हा सुंद्रा पुढे आली. "आप्पा, मोगरी आजारी न्हाई. लसूण मी घातला तिला. आत्या म्हनती की, रगत कडू हुतंय म्हनून."

मला वाटलं, आता पोरीच्या पाठीत बसणार. भावकूंनी मालुबाईंकडे बघितलं, मालुबाईंनी छताला टांगलेल्या लसणाच्या रिकाम्या जुडीकडे.

"अगं बया," त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, "आपुन लसूण खातो ते खरं. पर आपलं दूध कोन कुंद्यात घालतंय व्हय गं!"

भावकू पोट धरून हसले. लसणाचा गुन्हा माफ झाला आणि वास गेल्यावर दूध घ्यायला परशरामही तयार झाले. पण हसून झाल्यावर भावकू म्हणाले, "सुंद्रे, तुझं सगळं खरं. पर लाथ ती लाथच. शनवारपातूर चरवी सांडली, तर मी ऐकनार न्हाई."

शुक्रवार निभावला. शनिवारी उजाडताना भावकू नवं दावं खांद्यावर टाकून अंगणात उभे होते. मालुबाईंनी माझं शेपूट बांधलं आणि त्या चरवी घेऊन बसल्या. सुंद्रा निर्गुडीची मोठी डहाळी घेऊन माझ्याजवळ आली आणि सपासप वारा घालू लागली. काय सुख ते! कासेवरचे डास उठले, पोटावरचे उठले. मी डोळे मिटून शांत उभी राहिले.

पण उठलेले डास जाणार कुठे? ते सगळे मालुबाईंवर जाऊन बसले. मानेवर, कानावर, नडगीवर. मालुबाईंचे दोन्ही हात धारेत गुंतलेले. त्यांनी मान हलवून बघितली, फुंकर मारून बघितली. मग नडगीवर कोणीतरी असा काही डसला, की त्यांचा पाय फाडकन उडाला.

चरवी गडगडत गोठ्याच्या दारापर्यंत गेली.

भावकूंची पाठ होती. आवाज ऐकून ते वळले, सांडलेलं दूध बघितलं आणि थेट आत येऊन माझ्या गळ्यात दावं घातलं.

"आप्पा, तिनं न्हाई पाडली!" सुंद्रा किंचाळली.

"मग कुनी पाडली? मी?"

सुंद्राने आत्याकडे बघितलं. ज्या आत्याने वाढवलं तिचं नाव घेणार कसं? मालुबाई खाली मान घालून बसलेल्या. तीस वर्षांत थेंब सांडला नव्हता त्यांच्या हातून. त्या गप्प राहिल्या असत्या, तर मला काही बोलता येत नव्हतं.

भावकूंनी दावं ओढलं. मी निघाले. अंगण ओलांडलं. फाटकाशी पोचलो.

"भावकू! थांब."

मालुबाई नडगी खाजवत उभ्या होत्या.

"चरवी मी पाडली. डास चावला रं. दोनी हात गुतलेलं, कसा हाकलू? पाय उडाला माझा."

मालुबाई माझ्याजवळ आल्या, खाली वाकल्या आणि माझ्या पायाला बांधलेल्या सुतळीवर त्यांचा हात थबकला.

"आनी हिचं तर शेपूटबी मीच बांधलंय की गं बाई," त्या अगदी हळू म्हणाल्या. त्यांनी सुतळी सोडली. गाठ घट्ट बसलेली, लवकर सुटेना.

भावकूंनी दाव्याकडे बघितलं, मग बहिणीकडे. "मग आता बाजाराला कुनाला न्यायाचं, आक्का?"

"मला ने," मालुबाई डोळे पुसत म्हणाल्या. "लसूण खाल्लेली हाय. कोन घेतंय बघ!"

त्याच दुपारी भावकूंनी कुदळ घेऊन गोठ्यामागे चर खणला आणि तुंबलेलं पाणी वाहून घालवलं. मला विचाराल, तर सगळ्यात मोठं औषध तेच. संध्याकाळी मालुबाई मडक्यात गोवरीचे निखारे घालून वर कडुनिंबाचा आणि निर्गुडीचा पाला टाकू लागल्या. धूर गोठाभर फिरला, की डास पळत. नंतर दार उघडून त्या धूर बाहेर जाऊ देत, नाहीतर आम्हीच खोकत बसलो असतो. माझ्या पाठीला आणि मांड्यांना करंजाचं तेल लागू लागलं, कासेपासून लांब, म्हणजे दुधाला वास नको. धारेच्या वेळी शेपूट सुंद्रा हातात धरून बसे आणि मला हवं तेव्हा सोडे. घरातली माणसंही झोपताना हातापायांना थोडं करंजतेल चोळू लागली. वास फार चांगला नाही, पण डासांनाही तो आवडत नाही!

लसणाची चटणी बंद झाली नाही. ती भाकरीबरोबर लागतेच तशी छान. पण रक्त कडू होतं, असं मालुबाईंनी पुन्हा कधी सांगितलं नाही. आणि पुढे एका पावसाळ्यात सुंद्राला हिवताप भरला तेव्हा त्यांनी पाला-धुरी करत वेळ घालवला नाही. तिला गाडीत घालून थेट बेळगावच्या दवाखान्यात नेलं आणि कोयनेलच्या, म्हणजे क्विनीनच्या, कडू गोळ्या घेऊन आल्या. डास दूर ठेवायचं ते घरातलं औषध, आणि ताप आला की डॉक्टरचं, हे त्यांना पक्कं कळलं होतं.

त्या शनिवाराला आता बारा वर्षं झाली. मालुबाई गेल्या. सुंद्रा ट्रेनिंग घेऊन खानापूरकडे शाळेत मास्तरीण झाली आहे. सुट्टीत येते तेव्हा माझ्या कानात कविता म्हणते, पण सुट्टी लवकर संपते. भावकूंना आता कमी दिसतं. मी दूध देत नाही. पुढच्या खुंट्यावर एक तरणी म्हैस आली आहे, गुणाची आहे बिचारी. मी मागच्या कोपऱ्यात असते. शेपटाचे केस झडलेत. ते मोकळं आहे, पण पाठीपर्यंत पोचत नाही. संध्याकाळी धुरीचं मडकं पुढच्या म्हशीच्या पायाशी ठेवतात आणि सगळे डास माझ्याकडे येतात.

मित्रांनो, ही तक्रार नाही. दूध देणारीची काळजी आधी घ्यावी, हे मलाही समजतं. पण एवढंच मागते. एखादी म्हैस पाय झाडताना दिसली, एखादं तान्हं मूल उगाच किरकिरताना दिसलं, अंथरुणाला खिळलेलं म्हातारं माणूस चिडचिड करताना दिसलं, तर रागवण्याआधी वाकून बघा. काय डसतंय, ते बघा. ज्याचे हात रिकामे आहेत त्याने दुसऱ्याच्या अंगावरचा डास उडवायचा असतो.

आणि धुरीचं मडकं पुढे ठेवून झालं, की जरा वेळाने ते उचला आणि आत या. मी तिथेच उभी आहे. चार पावलंच तर आहेत.