लपणातलं बोलणं

"अगं, असल्या हवेत पक्षी तरी घराबाहेर पडतात का?" खिडकीतून ढगांकडे बघत दत्तोपंतांनी विचारलं.

ऐन जानेवारीत आभाळ भरून आलं होतं आणि सकाळपासून झिमझिम चालू होती. अशा दिवशी कॅमेरा कपाटातून काढू नये, हे मित्रांना बजावणारे दत्तोपंत स्वतःच. पण भानुमती डबा भरून, कानाला मफलर गुंडाळून तयार बसली होती. लग्नाला जन्म लोटला, पण ही बाई कधी पक्षी बघायला आली नव्हती. "चिखलात बसून बदकं बघायची हौस तुमची तुम्हाला," असं म्हणून मोकळी व्हायची. आज तिनं स्वतः हट्ट धरलाय म्हटल्यावर दत्तोपंत असे काही खुलले, की तिनं त्यांच्याकडे बघायचंच टाळलं. तिला पक्ष्यांचं काही पडलं नव्हतं. नवऱ्याला एक गोष्ट सांगायची होती, आणि ती घरात सांगता येत नव्हती.

बरा झाला म्हणून पेढे वाटलेला तिचा कॅन्सर दिवाळीत परत आला होता, यकृतात पसरला होता. डॉक्टर पुन्हा केमो देऊ म्हणत होते. बरं होण्याची आशा त्यांनीही दाखवली नव्हती, थोडे महिने वाढतील एवढंच म्हणाले होते. भानुमतीला ते महिने नको होते. तिनं घरी एकदोनदा विषय काढून पाहिला. पण दत्तोपंत म्हणजे बँकेत साहेबकी केलेला माणूस, फोनवर बोलले तरी समोरच्या बंगल्यात ऐकू जावं असा आवाज. तिचं निम्मं वाक्य होतंय न होतंय तोच ते ओरडायला लागायचे, आधी डॉक्टरांवर, मग नशिबावर, शेवटी तिच्यावरच. मग देवघरात जाऊन रडत बसायचे. नुसत्या ओरडणाऱ्याशी भांडता तरी येतं, पण ओरडून रडणाऱ्याशी बोलायचं कसं?

मात्र पक्ष्यांजवळ हा माणूस कुजबुजतो, हे ती त्यांच्या मित्रांकडून ऐकून होती. तिथं कुणी शिंकलं तरी दत्तोपंत डोळे वटारतात, अशी त्यांची तक्रार असायची. म्हणून तिनं जागा हेरूनच निवडली होती.

वाटेतल्या चितेगावच्या कारखान्यांपर्यंत गाडीचे वायपर चालूच होते. पुढं नाथसागर धरणाच्या फुगवट्याच्या पाण्याशी उतरेपर्यंत धुई इतकी दाटली, की पाणी कुठं संपतं ते कळेना. काठावर हरभऱ्याचं रान असलेला पुंजाराम दत्तोपंतांच्या ओळखीचा. गाडीचा आवाज ऐकून तो बांधावर आला.

"आज कशाला आलात हो साहेब? लई धुई पडलीय. माझ्या म्हशी मलाच दिसंनात." मग भानुमती दिसली तसा वरमला. "बाईसाहेब बी आल्यात व्हय! या, या."

काठावर चार खांब रोवून, हिरवी जाळी आणि वाळलं गवत लावून केलेली एक खोपी होती. दत्तोपंत तिला लपण म्हणत. आत दोघं गुडघ्याला गुडघा लावून बसले. कॅमेऱ्यावर त्यांनी दुधाची धुतलेली पिशवी चढवली.

बराच वेळ पांढऱ्या धुईशिवाय काही दिसलं नाही. मग ती जराशी उचलली, आणि समोरच्या गवतावर राखाडी हंसांचा थवाच्या थवा चरताना दिसला.

"भानू, पट्टकादंब!" ते कुजबुजले. "डोक्यावरचे ते काळे पट्टे बघ. हिमालय ओलांडून येतात गं."

त्यांनी दुर्बीण तिच्या डोळ्यांना लावून दिली. उजेड नव्हता, फोटो धुरकटच येणार होते, तरी ते टिपत सुटले. किती आनंदात होता हा माणूस! आत्ता नको, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण परवा दवाखान्यात भरती व्हायचं होतं.

"मला केमो घ्यायची नाही," ती तितक्याच हळू म्हणाली.

दत्तोपंतांचा डोळा कॅमेऱ्याला तसाच चिकटून राहिला. "ही काय बोलायची जागा आहे?"

"हीच आहे."

"डॉक्टर म्हणाले की..."

"महिने म्हणाले. मागचे महिने आठवा. तोंड इतकं आलं होतं, की घोटभर पाणी गिळताना मी रडायचे, आणि तुम्ही बाहेर कान झाकून बसायचात. आता जे काही उरलंय, ते मला घरात काढायचंय. जेवणाची चव कळत असताना."

"आणि अश्लेषा?" त्यांनी पुण्यातल्या लेकीला पुढं केलं.

"ती तर तुमच्यापेक्षा मोठ्यानं ओरडेल. म्हणून आधी तुम्ही हो म्हणा. एकटीला झेपायचं नाही मला."

दत्तोपंतांनी कॅमेऱ्यावरून डोळा काढला. आणि मग पक्ष्यांजवळ जन्मभर दुसऱ्यांना गप्प बसवणारा तो माणूस ओरडला. "नाही!" असंच काहीसं होतं ते, पण शब्द धड फुटलाच नाही.

अख्खा थवा उठला. पंखांची एकच फडफड झाली, कर्कश हाका उठल्या आणि बघता बघता सगळं धुईत गडप झालं. दत्तोपंतांनी कॅमेरा उचललासुद्धा नाही.

"काय झालं वो साहेब? साप हाय का?" रानातून पुंजारामची हाक आली.

"नाही हो, काही नाही," भानुमतीनंच उत्तर दिलं.

काठ ओकाबोका झाला. आता हवं तेवढं ओरडायला ते मोकळे होते. भानुमतीनं त्यांच्या प्रत्येक बोलण्याला उत्तर तयार ठेवलं होतं, किती तरी दिवस घोकून. दत्तोपंतांनी रुमाल काढून आधी भिंग पुसलं, मग चष्मा, मग डोळे.

"अश्लेषाला मी सांगतो," ते म्हणाले. आवाज तोच, पक्ष्यांजवळचा. "दवाखान्यातही कळवतो. तू कुणाला काही सांगत बसू नकोस."

झालं! हवं होतं ते मिळालं. आता सुटल्यासारखं वाटेल, अशी तिची कल्पना होती. पण तिला भीतीच वाटली. इतके दिवस हा माणूस नाही म्हणत होता, त्याच्या जिवावर ती मरणाच्या गोष्टी एवढ्या धीटपणे करत होती. आता अडवायला कुणीच उरलं नाही.

तिनं त्यांची ओली बाही घट्ट धरली. "अहो," तिला रडू आवरेना, "इतक्या लवकर कसे हो म्हणालात? थोडं भांडायचंत तरी."